तांबूस पाणी

मी टब बोलतोय. आंघोळीचा नव्हे, तेवढा मोठा मान माझ्या वाट्याला आला नाही. मी पाय बुडवायचा टब. एका भल्यामोठ्या प्रवासी जहाजाच्या वरच्या मजल्यावर, जिम आणि ब्यूटी पार्लर यांच्या मधल्या काचेच्या खोलीत माझा मुक्काम असतो. दारावर सोनेरी अक्षरांत 'डिटॉक्स' लिहिलंय. आत मंद दिवे, हळू संगीत, पांढरे टॉवेल. आणि आरामखुर्चीच्या पायथ्याशी मी.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्याबरोबर त्याच साच्यातून निघालेले भाऊबंद कुठे कुठे गेले. कुणाच्या नशिबी कपडे भिजवणं आलं, कुणाच्या नशिबी तान्ह्या बाळांची आंघोळ. मला मात्र बाजूला काढलं, काठाला एक खाच पाडली आणि तिच्यात लोखंडी पट्ट्यांची एक नळी बसवली. नळीची वायर एका चौकोनी पेटीला जोडलेली. पेटीवर आकडे आणि एक हिरवा दिवा. ज्या माणसानं हे सगळं जोडलं, त्यानं तपासणीसाठी माझ्यात मिठाचं पाणी भरून बटण दाबलं. थोड्या वेळानं पाणी तांबूस झालं, वर फेस आला. "चालतंय," तो म्हणाला, पाणी मोरीत ओतलं आणि पुढचा टब ओढला.

त्या पाण्यात कुणाचेही पाय नव्हते.

म्हणजे गोष्ट साधी आहे. मिठाच्या पाण्यात लोखंड ठेवलं आणि त्यातून वीज सोडली की ते गंजणारच. बादलीत पडलेला खिळा जे सावकाश करतो, ते मी झटपट करतो. जहाजावर मात्र या गंजाला दुसरं नाव आहे. माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर एक रंगीत तक्ता लावलाय. तांबूस रंग म्हणजे यकृतातली घाण, काळपट म्हणजे साठलेली विषं, पांढरा फेस म्हणजे आणखी काहीतरी. माणसं आधी पाण्याकडे बघतात, मग तक्त्याकडे, आणि मग स्वतःच्या पोटावरून हात फिरवत म्हणतात, "बाप रे, एवढं सगळं माझ्यात होतं?"

मी पायांवरून माणूस ओळखायला शिकलो. चेहऱ्याला रंग लावता येतो, पायांना ते जमत नाही. उंच टाचांनी वाकडी झालेली बोटं, भोवऱ्या, भेगा, वर्षानुवर्षं उभं राहून फुगलेल्या शिरा. मोजे काढताना जवळजवळ सगळेच जरा ओशाळतात. "पाय बघण्यासारखे नाहीत हं माझे," असं म्हणतात. मग कोमट पाण्यात पाय पडले की एक लांब श्वास सोडतात. तो श्वास खरा असतो. त्या खोलीत तेवढंच काय ते खरं.

माझी देखभाल एक मुलगी करायची. ती आली होती पार्लरमध्ये नखं रंगवायला. म्हणून जहाजावरचे सगळे तिला नखंवाली म्हणायचे. मग इथली बाई काम सोडून गेली आणि पार्लरच्या प्रमुख मॅडमनी हिला पांढरा कोट घालून माझ्यापुढे बसवलं. बोलायचं काय, ते पाठ करून घेतलं. एकदा तिनं विचारलंही होतं, "मॅडम, कुणी औषधांबद्दल विचारलं तर?"

"औषधांबद्दल आपण एक अक्षर बोलायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "फक्त हसून म्हणायचं, शरीराचं ऐका. ते चुकत नाही."

नखंवालीनं ते वाक्य पाठ केलं. पोरगी मनानं वाईट नव्हती. पाण्याचा गरमपणा ती आधी स्वतःच्या कोपरानं बघायची, मगच कुणाला पाय घालू द्यायची. आणि पाणी तांबूस झालं की तीही थोडी चकित व्हायची. तिला खरंच वाटायचं, आपल्या हातून लोकांचं भलं होतंय.

अशाच एका सफरीत ते काका आले. आयुष्यभर बस चालवलेला माणूस. उजवी टाच डावीपेक्षा जाड, कातडं जोड्यासारखं कडक. पण मला आधी जाणवली ती सूज. घोट्याचं हाड कुठे ते कळत नव्हतं. मोज्याच्या रबराची खोल खाच उठलेली. बरोबर काकू होत्या, हातात पर्स घट्ट धरून बसलेल्या. लेकीनं आईवडिलांना ही सफर घडवली होती, काकांच्या निवृत्तीची.

काका बोलघेवडे. खुर्चीत रेलले आणि नखंवालीला सगळं सांगून मोकळे झाले. त्यांचं हृदय कमजोर झालं होतं. अंगात पाणी साठू नये म्हणून डॉक्टरांनी लघवी होण्याच्या गोळ्या दिल्या होत्या. गोळी घेतली की सकाळभर सारखं उठावं लागायचं.

"काल बंदरावरून फिरायला नेलं आम्हाला बसनं," ते म्हणाले. "घाटात मला लागली. ड्रायव्हरला म्हटलं, बाबा रे, दोन मिनिटं थांब. तो म्हणतो, मध्ये थांबता येत नाही. तीनदा गेलो त्याच्याकडे. सगळी बस बघतेय. शेवटी थांबवली त्यानं, तर मागून कुणीतरी हसलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मी पण असाच होतो हो. कितीदा म्हातारी माणसं विनवायची, मी गाडी थांबवायचो नाही. वेळेवर पोचायचं ना!"

काकू खाली बघत होत्या. "अहो, पुरे आता," त्या हळूच म्हणाल्या.

तोवर माझ्यातलं पाणी तांबूस झालं होतं. काका पुढे वाकून बघायला लागले. "हे माझ्यातनं आलं?"

"हो काका," नखंवाली म्हणाली. "शरीर मोकळं होतंय."

काकूंनी चष्मा वर केला. "अंगणातल्या जुन्या नळाला असंच पाणी यायचं आपल्याकडे," त्या म्हणाल्या. "गंज आहे हा. बाई, हे पायांशिवाय चालवून दाखवाल का एकदा?"

दारात प्रमुख मॅडम उभ्या होत्या. त्या गोड हसल्या. "रिकामं चालवलं की मशीन बिघडतं हो काकू."

"हिला सगळ्यात खोटच दिसते," काका म्हणाले आणि विषय संपला.

कोमट पाणी, वर उचलून ठेवलेले पाय, मग घोट्यापासून वर केलेलं मालिश. उठल्यावर काकांना हलकं वाटलं. वाटणारच. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. नंतर रोजच येऊ लागले. जाताजाता एकदा त्यांनी विचारलं, "आता ह्या गोळ्या हव्यात का मग? इथूनच जर सगळं निघतंय?"

नखंवालीनं एकदा मॅडमच्या खोलीकडे पाहिलं. मग हसून म्हणाली, "शरीराचं ऐका काका. ते चुकत नाही."

काकांनी ऐकलं. शरीर काय सांगणार? ते म्हणालं, चारचौघांत हसं नको.

काकू एकदा बाहेर थांबल्या तेव्हा काकांनी नखंवालीला हळूच सांगितलं, "गोळी तोंडात धरतो, हिची पाठ वळली की बेसिनमध्ये टाकतो. काल दिवसभर बसमध्ये होतो, एकदाही उठलो नाही! हिला बोलू नका हं. उगाच जीव खाईल."

ते हसले, पण हसता हसता त्यांना धाप लागली. नखंवालीनं मालिशसाठी पाय हातात घेतला. तिचा अंगठा जिथे दाबला गेला तिथे खळगा पडला आणि तो भरून येईना. ती त्या खळग्याकडे बघत राहिली.

"काका, जहाजावरच्या डॉक्टरांना दाखवू या का?"

"छे! इतकं बरं वाटतंय. डॉक्टर काय, लगेच हे खाऊ नका, ते पिऊ नका. लेकीनं हौसेनं पाठवलंय मला."

दुसऱ्या दिवशी दुपारी जहाज बंदराला लागलं. प्रवासी गावात उतरले, मजला ओस पडला. नखंवालीनं काचेचं दार आतून लावून घेतलं. माझ्यात पाणी भरलं, मीठ टाकलं. मग बटणावर बोट ठेवून ती बराच वेळ थांबली. तिला कळायचं ते आधीच कळलं असावं. नाहीतर दार कशाला लावलं असतं?

तिनं बटण दाबलं. रिकाम्या पाण्यात पट्ट्यांभोवती बुडबुडे आले. मग एक तांबूस रेघ सुटली. ती पसरत गेली आणि वर तोच फेस जमला, ज्याला ती रोज विष म्हणायची. नखंवाली माझ्या शेजारी जमिनीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मशीन बिघडलं नाही. हिरवा दिवा छान लागला होता.

मग ती उठली आणि मॅडमच्या खोलीत गेली. भिंत पातळ आहे, मला ऐकू आलं.

"मॅडम, ते काका गोळ्या घेत नाहीयेत."

"तू सांगितलंस का घेऊ नका म्हणून?"

"नाही. पण..."

"मग झालं तर. आपण कुणाला काही सांगत नाही. मोठी माणसं आहेत, आपलं बघून घेतील."

नखंवाली पांढरा कोट खुर्चीवर टाकून बाहेर पडली. नंतर कळलं, ती काकूंना शोधत सगळ्या मजल्यांवर फिरली. काकांना विश्रांती घ्यायला ठेवून गावात गेलेल्या काकू परत आल्या तेव्हा जिन्यापाशीच तिनं त्यांना गाठलं आणि सगळं सांगितलं. काकू तशाच खोलीकडे धावल्या. काका पलंगावर बसून होते. त्यांना आडवं होताच येत नव्हतं. आडवं झालं की बुडाल्यासारखं होत होतं. जहाजाच्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. बंदर सोडायच्या आत त्यांना स्ट्रेचरवरून उतरवून गावातल्या हॉस्पिटलात नेलं.

काकू सामान गोळा करायला परत आल्या. त्या आधी माझ्या खोलीत आल्या. काकांचा चष्मा इथे खुर्चीवर राहिला होता. नखंवालीनं तो पुसून त्यांच्या हातात दिला.

"बाई," काकू म्हणाल्या, "आता तरी चालवून दाखवा."

नखंवालीनं पाणी भरलं, मीठ टाकलं आणि बटण दाबलं. काकू खुर्चीत बसल्या नाहीत, माझ्यासमोर उभ्या राहिल्या. पाणी तांबूस होईपर्यंत त्या पापणी न हलवता बघत होत्या. मग वाकून त्यांनी बोट बुडवलं आणि नाकाशी धरलं.

"मला ठाऊक नव्हतं हो काकू," नखंवाली रडत म्हणाली. "खरंच ठाऊक नव्हतं."

"ठाऊक नव्हतं," काकू म्हणाल्या, "तर सांगत कशाला होतात?"

आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. त्यांनी बोट रुमालाला पुसलं, चष्मा पर्समध्ये ठेवला आणि त्या गेल्या. खाली त्यांच्यासाठी गाडी खोळंबली होती.

जहाज निघालं. माणसं डेकवर नाचली, जेवली, फोटो काढले. पुढचं बंदर यायच्या आधी जहाजाचे डॉक्टर माझ्या दारात येऊन उभे राहिले. ते कधी या खोलीत येत नसत. त्यांचा दवाखाना खालच्या मजल्यावर. त्यांना माझं सगळं माहीत होतं, पण ते त्यांचं बघत आणि हे लोक यांचं.

"तुमचे ते बसवाले काका," ते म्हणाले. "गेले."

नखंवालीनं विचारलं, "गोळ्या चालू असत्या तर?"

डॉक्टरांनी दाराला हात घातला. "बहुतेक घरी गेले असते," ते म्हणाले आणि दार हलकेच लोटून निघून गेले.

त्यानंतर नखंवाली प्रत्येकाला एकच सांगायची, "कोमट पाणी आहे. बरं वाटेल. बाकी काही निघत नाही यातून. तो रंग लोखंडाचा आहे." काहींना राग यायचा. एक बाई म्हणाली, "आम्ही काय हे ऐकायला आलोय?" काही जण हसून पाय बुडवायचे आणि तरीही तक्त्याकडे बघायचे. ज्याला विश्वास ठेवायचाच आहे, त्याला खरं सांगितलं तर तो सांगणाऱ्यावरच चिडतो, हे मी तेव्हा पाहिलं. कुणीतरी तक्रार केली. मॅडमनी तिला पुन्हा नखं रंगवायला बसवलं आणि पुढच्या बंदरावर ती उतरून गेली. जाताना ती माझ्याकडे आली नाही. का यावं तिनं?

आता नवा मुलगा आलाय, हसरा, छान बोलतो. माझ्या जुन्या पट्ट्या झिजून कागदासारख्या झाल्या होत्या, त्या फेकून नव्या बसवल्या. नव्या लोखंडानं पाणी आणखी लवकर रंगतं, म्हणून मॅडम खूश आहेत. मला तडा जाईपर्यंत हे चालणार. तडा गेला की मला कचऱ्यात टाकतील आणि माझ्या जागी दुसरा येईल.

दार उघडलंय. कुणीतरी आत आलंय. पावलं जड आहेत, एक पाय किंचित ओढत चाललाय. बसायलाही आधार लागतोय. मोजे काढता काढता त्यांनी त्या मुलाला काहीतरी विचारलं आणि तो हसला.

मला बोलता आलं असतं तर एवढंच म्हटलं असतं. बसा. पाय शेकून घ्या, डोळे मिटून पडा, दमला असाल. पण उठल्यावर, ज्यानं तुमच्या छातीला कान लावलाय त्यालाच विचारा काय सोडायचं आणि काय नाही. मला विचारू नका. मी पाय बुडवायचा टब आहे.

नळ सुटलाय. पाणी चढतंय. कोमट आहे, आणि अजून तरी स्वच्छ आहे.