तोंडी निरोप

बिट्टीचा बाप सोफे-खुर्च्या मढवून द्यायचा. जुनं कापड फाडायचं, आतला दबलेला स्पंज काढायचा, नवा भरायचा आणि वरून कापड ताणून ठोकायचं. ठोकताना बारीक खिळे ओठांत धरायची त्याला सवय होती. एक हात कापडावर, दुसरा हातोडीवर, मग खिळे ठेवणार कुठे? त्यामुळे त्याच्याशी कोणी बोललं की उत्तर खिळ्यांच्या फटीतून यायचं, आखूड आणि टोचरं. गिऱ्हाईक आलं तर मात्र तो खिळे तळहातावर काढून घ्यायचा आणि "या, बसा" म्हणायचा. घरच्यांसाठी एवढे कष्ट कोण घेतो!

बिट्टी शाळा सुटली की सरळ दुकानात यायची. आईची कामाची पाळी दुपारी सुरू व्हायची, ती घरी यायची तेव्हा पोरगी झोपलेली असायची. त्यामुळे शाळेचं जे काही असेल ते बापाच्याच कानावर पडायचं, आणि बापाचे कान हातोडीच्या ठोक्यांनी भरलेले.

बिट्टीच्या बाईंची एक खास पद्धत होती. आठवडा संपताना त्या प्रत्येक मुलाला घरच्यांसाठी एक तोंडी निरोप द्यायच्या. मुलानं तो घरी सांगायचा, घरचं उत्तर पाठ करून आणायचं आणि सोमवारी वर्गासमोर उभं राहून म्हणून दाखवायचं. यानं मुलांना बोलायची सवय लागते आणि घर नि शाळा जवळ येतात, असं बाईंचं म्हणणं. चिठ्ठ्या दप्तरात चुरगळतात आणि फोनवरचं कोणी वाचत नाही, असंही त्या म्हणायच्या. त्यात काही खोटं नव्हतं. बिट्टीच्या बापानं पालकांचा ग्रुप पहिल्याच आठवड्यात म्यूट करून टाकला होता.

वर्षाच्या सुरुवातीला बिट्टी पहिला निरोप घेऊन आली.

"बाबा, बाईंनी विचारलंय, घरी माझं वाचन कोण घेतं?"

"सांग तुझ्या बाईंना," खिळ्यांमधून उत्तर आलं, "शिकवायचा पगार त्यांना मिळतो. मी जातो का त्यांच्याकडे, माझे सोफे ठोकून द्या म्हणून?"

दुकानात बसलेलं गिऱ्हाईक खो खो हसलं. आपण भलतंच मार्मिक बोललो अशा थाटात बापानं पुढचा खिळा ठोकला. बिट्टी हसली नाही. ती कापडाच्या तुकड्यांच्या ढिगाशेजारी बसून ओठ हलवत काहीतरी पाठ करत राहिली.

पुढेही असंच चाललं. बापाची उत्तरं दर आठवड्याला जास्त तिखट होत गेली. "त्या बाईंना दुसरा उद्योग नाही का?" हे तर त्यानं दोनतीनदा पाठवलं. शाळेकडून मात्र नेहमी गोडच यायचं. "बाई म्हणाल्या, छान चाललंय." "बाई म्हणाल्या, तुम्ही दमत असाल, काळजी करू नका." बापाला वाटायचं, बाईंना चांगलं वठणीवर आणलं. बिट्टीची आई कधी काळजीनं विचारायची तेव्हा तो छाती पुढे काढून सांगायचा, "बाई खूश आहेत आपल्यावर." धाकट्या वर्गांना त्या शाळेत गुण देत नसत, त्यामुळे पडताळून बघायचा प्रश्नच नव्हता.

वर्ष संपत आलं तसं बाईंनी सगळ्या पालकांना भेटायला बोलावलं. "यावेळी तू जा," बिट्टीच्या आईनं बजावलं, "तोंड धुऊन जा, आणि नीट बोल."

तो गेला. बिट्टी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसली. आत बाप मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन कसाबसा मावला. आता आपली खरडपट्टी निघणार, म्हणून तो दोन कडक उत्तरं आधीच तयार ठेवून आला होता.

"या, या! किती दिवस वाट बघत होते तुमची," बाई म्हणाल्या. "वर्गातलं पोर न् पोर तुम्हाला ओळखतं."

"मला?"

"तुमच्या निरोपांमुळे! सोमवारी बिट्टी उभी राहिली की वर्ग अगदी चिडीचूप. त्यातलं ते एक वाक्य तर मी इतर पालकांनाही ऐकवते. 'कापड एकाच बाजूनं ओढलं तर सुरकुती पडते. एक बाजू तुम्ही धरा, एक मी धरतो.' किती सोपं बोललात!"

बापाचे कान तापले. सुरकुतीचं तो बोलला होता खरं, पण बिट्टीवर खेकसताना. ती मदतीला आली होती आणि तिनं कापड जोरात ओढलं होतं. बाकीचं त्याचं नव्हतं. तिथल्या तिथे सांगून टाकायला हवं होतं. पण इतकी वर्षं सोफे मढवतोय, त्याच्या बोलण्याचं कौतुक कोणी केलं नव्हतं.

"हो, म्हणजे... बोललो असेन," तो पुटपुटला.

"आणि रोज रात्री तिला जवळ घेऊन एक पान वाचून घेता म्हणे."

"हो." एकदा खोटं हो म्हटलं की दुसरं आपसूक निघतं.

बाईंचा चेहरा उतरला. "तेच मला कळत नाही. घरी कोणी बघत नसतं तर मी म्हटलं असतं, हरकत नाही, भरून काढू. पण वर्षभर रोज घोटून घेताय, तरी तिला एक ओळ सलग वाचता येत नाही. म्हणजे तिची कुवतच तेवढी, असं धरावं लागेल. पुढच्या वर्षी तिला मागे पडलेल्या मुलांच्या तुकडीत घालायची शिफारस मला आज द्यायची आहे. सांगायला वाईट वाटतं, पण त्या तुकडीतून पोर सहसा परत येत नाही."

बाप बाईंच्या खुर्चीकडे बघत राहिला. तिचं रेक्झिन फाटून आतला स्पंज दिसत होता. ते दोन खोटे हो तसेच राहू दिले, तर तो चांगला बाप म्हणून इथून बाहेर पडणार होता आणि पोरगी मठ्ठ ठरणार होती. ओठांत एकही खिळा नव्हता, तरी त्याला बोलता येईना.

"बाई," शेवटी तो म्हणाला, "मी तिचं एकदाही वाचन घेतलेलं नाही."

"म्हणजे?"

"एकदाही नाही. आणि ते निरोप माझे नाहीत. तिनं मनानं रचले."

बाईंना आधी ती थट्टाच वाटली. "मग तुमचे खरे काय असायचे?"

त्याला सांगावे लागले. पगाराचं सांगितलं, सोफे ठोकायचं सांगितलं, दुसऱ्या उद्योगाचंही सांगितलं. ज्यांना उद्देशून तो हे बोलला होता त्यांच्या तोंडावर ते पहिल्यांदाच बोलत होता, आणि एकही वाक्य मार्मिक लागत नव्हतं. वर्गासमोर उभं राहून आपल्या बापाचं हे म्हणून दाखवायची पाळी पोरीवर आणली आपण, हे त्याच्या ध्यानात आलं आणि लाजेनं त्याला घाम फुटला.

बाईही लाल झाल्या. "आणि माझे? माझे निरोप काय मिळाले तुम्हाला?"

"छान चाललंय. काळजी करू नका."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हल्ली मी तिला बाजूला घेऊन सांगायचे," त्या म्हणाल्या. "बाबांना म्हणावं, या मठ्ठ पोरीपुढे मी हात टेकले. आणि विसरू नये म्हणून तिच्याकडून ते दोनदा म्हणवून घ्यायचे. तिच्याच तोंडून."

एकमेकांना दोष द्यायला आता कोणाकडेच तोंड नव्हतं.

"शिफारस मी देत नाही," बाई म्हणाल्या. "शाळा सुटल्यावर मी तिच्याजवळ बसते. रात्री तुम्ही बसा. पण खरोखर बसा."

"बसतो."

"आणि तिला सांगा, एवढं सगळं मनानं रचून न अडखळता बोलणारी मुलगी मठ्ठ नसते. चुकलं ते बाईंचं, म्हणावं. मला ती फार आवडते, हेही सांगा. आत्ता तिच्यासमोर यायचा धीर नाही मला."

बाप मान हलवून बाहेर आला. बिट्टी बाकाच्या कडेला, दप्तर पोटाशी धरून बसली होती. बापाचा चेहरा बघून ती उभी राहिली.

"भांडलात?"

"नाही गं. बाईंनी निरोप दिलाय तुझ्यासाठी."

तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानं सगळं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. मठ्ठ नसते, चुकलं बाईंचं, फार आवडते. बिट्टी मान तिरकी करून लक्षपूर्वक ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं त्याच्या गालावर हात ठेवला.

"छान जमलाय, बाबा," ती म्हणाली. "आता खरं काय म्हणाल्या ते सांगा."

बापानं तिचा हात धरला आणि वर्गाचं दार पुन्हा ढकललं. बाई तशाच बसल्या होत्या, चष्मा टेबलावरच होता.

"बाई," तो म्हणाला, "तुमचा निरोप तुम्हीच द्या. माझ्या तोंडून तिला तो खरा वाटत नाही."