फोटोतल्या एकोणीस जणी

पडद्यावर फोटो झळकला आणि बानाबाईचं डोकं फिरलं.

फोटो दोन हजार तेराच्या दुष्काळातला. शहराबाहेर, पडेगावच्या पुढं माळावर मेंढरं राखणाऱ्यांची वस्ती. तिथं तेव्हा प्यायला थेंब नव्हता, आणि शहरातल्या नव्या इमारतींच्या बांधकामाला मात्र रोज टँकर जात होते. बानाबाई धरून वस्तीतल्या एकोणीस बायकांनी ते रस्त्यातच अडवले, तोट्या उघडून घागरी भरल्या. पोलिसांनी ‘अनोळखी बायकांवर’ गुन्हा नोंदवला. तो अजून मिटलेला नाही.

सहा वर्षांनी कॉलेजच्या सभागृहात प्राध्यापक योगिनीबाई तोच फोटो उलगडून सांगत होत्या. “बघा, संघर्षाच्या क्षणीसुद्धा या स्त्रियांना चेहऱ्यावरचा पदर दूर सारता आला नाही. पितृसत्ता किती खोल रुजलेली असते!” लोकांनी माना डोलावल्या.

सत्काराची शाल नि नारळ मांडीवर घेऊन बानाबाई पहिल्या रांगेत बसली होती. कसली पितृसत्ता नि कसलं काय! समोर हवालदार कॅमेऱ्यानं एकेकीचं तोंड टिपत होता, म्हणून तिनंच ओरडून सांगितलं होतं, तोंडं झाका गं! एवढी साधी गोष्ट या शिकलेल्या बाईला एकदा विचारावीशी वाटली नाही.

हाही राग तिनं गिळला असता. पण तेवढ्यात फोटोतल्या प्रत्येक बाईच्या डोक्यावर आकडा उमटला. “या अनामिक स्त्रियांना आपण त्यांची नावं देणार आहोत,” योगिनीबाई म्हणाल्या. “सोमवारी पुस्तक छापायला जातंय.”

नावं बानाबाईनंच सांगितली होती. महिन्यापूर्वी योगिनीबाई वस्तीवर आल्या, चहा प्याल्या, गोड बोलल्या. आणि हिनं भोळेपणानं कुणाचं लुगडं, कुणाच्या हातावरचं गोंदण ओळखून दाखवलं. ही वच्छला, ही सारजा. सारजा आता अंगणवाडीत मदतनीस आहे. गुन्ह्यात नाव आलं तर तिची नोकरी गेलीच. आपलीच जीभ हासडून टाकावी असं बानाबाईला वाटलं.

ती उठून थेट माइकपाशी गेली. “म्याडम, नावं काढा.”

“अहो बानाबाई, इतिहासात तुमची नोंद व्हायला नको का?”

“तुमचा इतिहास पोलीस बी वाचत्यात की! तुमाला पदर तेवढा दिसला, कॅमेरा नाय दिसला. केस चालू हाय आजून.”

योगिनीबाईंचा चेहरा उतरला, पण हातातला नावांचा कागद काही सुटेना. “नावांशिवाय माझं सगळं काम अर्धवट राहील हो. आणि या बायका ओळखून दाखवल्या त्या तुम्हीच ना?”

“म्या खोटं बोलले.” बानाबाईनं माइक स्वतःकडं ओढला. “आता खरं लिहा. एक नंबर बानाबाई. दोन नंबर बानाबाई. पार एकोणीस नंबर बी बानाबाईच. दुसरी कुणी नव्हतीच तिथं.”

मागच्या रांगेतल्या वार्ताहरानं वही उघडली. “मावशी, पूर्ण नाव काय?”

तिनं पूर्ण नाव सांगितलं. मग वस्तीचा पत्ताही सांगितला.