सात नंबरचा ग्लास

मामाला वास येईनासा होऊन दोन महिने झाले होते आणि ही गोष्ट फक्त मला माहीत होती. मामीलासुद्धा नाही. तो तापातून उठल्यावर एकदा मी त्याच्याकडे गेले, तर गॅसवर दूध करपून कोळसा झालेलं, आणि हा शेजारीच खुर्चीत बसून पेपर वाचतोय! मी ओरडले, तशी त्याने आधी गॅस बंद केला आणि मग माझा हात धरला. "मामीला सांगू नकोस," म्हणाला. "आणि कंपनीत तर मुळीच नको."

आमची कंपनी अमेरिकेहून पिंपांनी व्हिस्की आणते आणि बाटल्यांत भरते. मामा तिथे एकतीस वर्षं चाखणारा. सगळे त्याला नाकोबा म्हणायचे, तोंडावरसुद्धा, आणि त्याला ते आवडायचं. मला नोकरीला त्यानेच लावलं. सॅम्पलची खोली माझ्याकडे: ग्लास धुवायचे, ओतायचे, नंबर चिकटवायचे आणि तोंड बंद ठेवायचं.

हे तोंड बंद ठेवणं जमलं असतं तर काय हवं होतं!

दोन महिने मामाने निभावून नेलं. जिभेला गोड, कडू आणि जाळ कळतो. मध, व्हॅनिला, जळक्या लाकडाचा धूर हे सगळं नाकाचं काम. पण शब्द त्याच्याकडे पोत्याने होते. रंग बघायचा, घोट तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि ठोकून द्यायचं. मग नवी व्हिस्की आली. म्हणे अतिशय मुलायम. लेबलवर 'नुसतीच प्या' लिहायचं की 'कोलामध्ये मिसळा', हे ठरवायचं होतं. केमिस्टबाईंनी फतवा काढला की या वेळी चाखणाऱ्यांचीही परीक्षा होईल. आठ ग्लास, त्यांतले दोन एकाच पिंपातले. त्या दोन ग्लासांच्या मार्कांत पाचापेक्षा जास्त फरक पडला की चाखणारा बाद.

कुठले दोन, ते फक्त मला ठाऊक. आणि अकरा वाजता चाखायचं होतं, कारण जेवणाआधी नाक तल्लख असतं. ज्याला आहे त्याचं.

पावणेअकराला मामा बाहेर पॅसेजमध्ये येऊन उभा राहिला. काही मागितलं नाही. नुसता रुमालाची घडी करत, उलगडत उभा. मला राहवेना. माझ्या हातात एक ग्लास होता, त्याला जुन्या नंबराचा गोंद चिकटलेला. आमच्याकडे ग्लासला साबण लावायचा नाही, नुसतं गरम पाणी, हा पहिला नियम. पण गोंद निघेना आणि मामा जाईना. मी पँट्रीतला भांड्यांचा साबण घेतला, घासला, विसळला, त्यात ओतलं, सात नंबर लावला आणि बाहेर पळाले.

"तीन आणि सात," मी पुटपुटले.

"देव तुझं भलं करो," मामा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

आत तिघे तीन कप्प्यांत बसले: केमिस्टबाई, बारमधून बोलावलेला कॉकटेलवाला आणि मामा. मधे फळ्या, कुणाला कुणाचं दिसत नाही. बोलायची बंदी. मी समोर उभी, मला तिघेही दिसत होते.

केमिस्टबाईंनी सात नंबर उचलला, नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. ग्लासवर बशी पालथी घातली. म्हणजे सॅम्पल खराब, मार्क नाहीत. मला वाटलं, असेल काहीतरी. मग कॉकटेलवाल्यानेही बशी घातली. मी नकळत माझी बोटं हुंगली. लिंबाचा साबण. वास भसाभस येत होता.

मामा सहा नंबरवर होता.

मी खोकले. मामाने वर बघितलं. मी डोळे मोठे करून बशीकडे बघितलं, सात नंबरकडे बघितलं, पुन्हा बशीकडे. अरे मामा, झाक तो! त्याला वाटलं, भाची आठवण करून देतेय. तो हसला, मान डोलावली, सात नंबर उचलून ऐटीत नाकाखाली फिरवला, घोट घेतला, थुंकला, आणि लिहायला लागला. मला ओरडता आलं असतं. पण ओरडून सांगणार काय?

केमिस्टबाईंनी कागद गोळा केले आणि मोठ्याने वाचले. "तीन नंबर, शहाऐंशी. सात नंबर, शहाऐंशी. मधाळ, मागून व्हॅनिला, अतिशय मुलायम. पाण्याचा थेंबही नको."

कॉकटेलवाला फस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला. बाईंनी सात नंबर मामापुढे ठेवला. "नाकोबा, पुन्हा एकदा घ्या हो."

मामाने हुंगला. खूप वेळ हुंगला. मग माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा त्याला सगळं सांगून गेला असणार.

"बाई," मी म्हणाले, "चूक माझी आहे, मी..."

"हिची काही चूक नाही," मामा म्हणाला. "मला दोन महिने वास येत नाही. मार्क अंदाजाने दिले, जुळले ते जुळले." त्याने पेन टोपण लावून टेबलावर ठेवलं.

सगळे गेल्यावर मी मोरीवर ग्लास उलटे करत होते आणि हमसून हमसून रडत होते. मामा येऊन उभा राहिला.

"कसला वास होता गं?"

"लिंबाच्या साबणाचा. माझ्यामुळे झालं, मामा."

"उग्र होता?"

"खूप."

"हं." त्याने तीन नंबरचा ग्लास पुढे केला. तळाशी घोटभर शिल्लक होती. "ही घे आणि मला सांग. मी म्हणालो तशीच आहे ना? मुलायम?"

मी घोट घेतला. रडून रडून माझं नाक गच्च चोंदलेलं. जिभेला थोडं गोड लागलं, मग जाळ. बाकी काही नाही. मामा माझ्या तोंडाकडे बघत होता.

"मध आहे," मी म्हणाले. "मागून व्हॅनिला."

"आणि धूर?"

"आहे की."

"मग बरोबर," मामा म्हणाला, आणि रुमालाची घडी करून खिशात ठेवली.