कंबरमोडी कुणाची?

पुतणीला नोकरी लागली हे ऐकून काकांच्या हातून झेरॉक्स मशीनचं झाकण उघडंच राहिलं. हिरवा उजेड त्यांच्या हनुवटीखालून सरपटत गेला आणि बाहेर काकांच्या बनियनची एक प्रत येऊन पडली.

"कशाची म्हणालीस नोकरी?"

"रानरोपांची नावं लिहायची, काका. फुटपाथच्या फटीत, भिंतीच्या बुडाशी जी आपली आपण उगवतात ना, त्यांच्याशेजारी खडूने नाव लिहायचं. वनस्पती उद्यानाचं काम आहे. कॉलेज सुटल्यावर, संध्याकाळचं."

"म्हणजे गवताला नावं ठेवायचा पगार मिळणार तुला?" काकांनी बनियनची प्रत चुरगाळली. "तुझी आत्या हेच काम जन्मभर फुकट करते. आणि नुसत्या गवताला नाही."

पुतणी काकांकडे शिकायला राहिली होती. खाली दुकान, वर दोन खोल्या. दुकानातला मदतनीस काम सोडून गेल्यापासून काकांचा डोळा तिच्यावर होता. शेवटी तह झाला. महिनाभर तिने खडू घेऊन हिंडावं. बागेच्या बाईंनी पुढे वर्षभरासाठी ठेवून घेतलं तर काकांची ना नाही. नाही घेतलं, तर मुकाट्याने काउंटरमागे उभं राहायचं.

काउंटरमागे! तिथल्या टोपलीत रोज वाकड्या, काळ्या, अर्धवट प्रतींचा ढीग साचायचा. एका सहीसाठी चार चार कागद. एखादं झाड पाय पुसून आत येईल आणि विचारेल, "आमच्यातलं कुणी इथे आलंय का?" असं वाटायचं तिला.

बागेच्या बाईंची अट काकांहून कडक. "महिन्याने मी येईन. रोपं जागच्या जागी दिसायला हवीत. आणि तुझ्याशिवाय गल्लीतल्या दोघांनी तरी ती ओळखायला हवीत. तू ओळखतेस यात काय नवल? त्यासाठीच तर घेतलंय तुला."

मग ती निघाली. खिशात खडू, बोटांना पांढरी पावडर, आणि पाय जमिनीवर असून नसल्यासारखे. एरवी माणसं वर बघत चालतात किंवा फोनमध्ये. ही पोरगी गल्लीभर उकिडवी चालायची. कुठे डब्यातून सांडलेल्या पाण्यावर घोळ तुकतुकीत पसरलेली. कुठे विजेच्या पेटीखाली पुनर्नवा, नखाएवढ्या गुलाबी फुलांची. टपालपेटीच्या पायाशी आघाडा, येणाऱ्याजाणाऱ्याच्या विजारीला लोंबकळून फुकट प्रवास करणारा. आणि टेलरमावशींच्या पायरीच्या फटीत कंबरमोडी. एकच लांब दांडी, टोकाला एकच फूल. अशी वाऱ्यात मुरडत होती की पुतणीने नाव लिहिलं आणि हात थांबेचना. खाली दोन ओळी आल्याच.

पायरीच्या फटीमध्ये कुणी ठेवली गं वाटी,
पिवळ्या उन्हाने भरली एका दांडीच्या शेवटी.

टेलरमावशी मशीन थांबवून बाहेर आल्या. दोनदा वाचलं. गळ्यातली टेप सारखी केली.

"हे माझ्या दाराशी होतं? इतकी वर्षं?"

"कधीचं, मावशी."

"आणि मी यावर चहाचा चोथा टाकत होते गं!"

त्यांनी लगेच कापडाच्या चिंधीची इवलीशी दोरी केली आणि कंबरमोडीभोवती कुंपण घातलं. माप घेऊन.

आता, मावशींच्या समोरच कटिंगवाल्या दादांचं दुकान. गल्लीच्या या अंगाला एक कात्री, त्या अंगाला दुसरी. एक कापड कापायची, एक केस, आणि मध्ये रस्त्यावर दोघं एकमेकांचं बोलणं कापायचे. दादा वस्तरा हातात घेऊनच बाहेर आले.

"ए खडूबाई! आमच्या दाराशी काय लिहिलंस?"

"हरळी."

"म्हणजे?"

"म्हणजे... गवत, दादा."

"तिला फूल आणि मला गवत? माझं दुकान आधीचं आहे!"

"अहो कात्रीवाले," मावशी पलीकडून म्हणाल्या, "ज्याचं त्याचं नशीब. तुमच्याकडे सगळं कापूनच ठेवतात, फूल कशाला येईल?"

पुतणीला दया आली. तिने हरळीखालीही दोन ओळी लिहून दिल्या.

हरळीबाई हरळी, तुझं घर कुठे कुठे?
जिथे टेकेल कोपर, तिथे नवी मुळी फुटे.

दादांनी वाचलं, मान हलवली, पण मन भरलं नाही. दुसऱ्या दिवशी हरळीची बारीक कटिंग केलेली दिसली. बाजूने कमी, वरून थोडी ठेवलेली.

गल्ली मात्र पेटली. पुतणीचं नाव खडूबाई पडलं ते पडलंच. शाळेतून येणारी मुलं उड्या मारत नावं वाचायची. गिऱ्हाईक बसल्या जागेवरून विचारायचं, "आज घोळ उघडली का?" कारण घोळीचं फूल सकाळच्या उन्हात उघडतं आणि दुपारी दुकान बंद करतं, हे आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं. बसल्याबसल्या कौतुक, जाताजाता कौतुक. खडूबाई रात्री अंथरुणावर पडून हसायची. काकू म्हणायची, "गप झोप, वेडी झालीस का?" आणि ती म्हणायची, "हो गं काकू, झाले!"

काका तेवढे सुतकी चेहऱ्याने बघायचे. त्यांच्या दुकानाच्या पायरीला त्यांनी स्वतः प्लास्टर केलं होतं. आरशासारखं गुळगुळीत. तिथे खडूबाईला लिहायला काहीच नव्हतं.

महिना संपायला आठवडाभर राहिला आणि एका सकाळी कॉलेजला निघालेली खडूबाई मावशींच्या पायरीपाशी थबकली. चिंधीचं कुंपण होतं. नाव होतं, वाटीतल्या उन्हाच्या ओळी होत्या. कंबरमोडी नव्हती.

ती होती समोर. दादांच्या पायरीत खोचलेली, मान टाकलेली. शेजारी दादांच्या ठसठशीत अक्षरात: "कंबरमोडी. आमची इतरत्र कुठेही शाखा नाही."

"दादा! हे काय केलंत?"

"मी काय केलं? तीच आली. कंटाळली असेल मशीनच्या खडखडाटाला."

मावशींनी ते ऐकलं, आणि बोलणं थांबून कृती सुरू झाली. दुपारपर्यंत दादांची हरळी मावशींकडे. "मला गवत तर गवत, पण त्याच्याकडे राहता कामा नये!" टपालपेटीचा आघाडा बेकरीवाल्याने पळवला, बेकरीपुढची घोळ कुणीतरी जिन्याखाली नेली. ज्याला त्याला आपल्या दाराशी चांगलं नाव हवं होतं. संध्याकाळी खडूबाई गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली तेव्हा एकही रोप आपल्या नावाशेजारी नव्हतं. नावं पोरकी, रोपं परगावी, आणि सगळी सुकून दोरे झालेली.

तिला आधी हसू आलं. मग हसता हसता रडू आलं, आणि नाकाला खडू लागला.

"बाईंना फोन करते," ती काकांना म्हणाली. "येऊ नका म्हणून सांगते. तुमचं काउंटर कुठून पुसायचं?"

काका आनंदाने टुणकन उठतील असं तिला वाटलं होतं. ते नुसते म्हणाले, "फोन राहू दे. येऊ देत त्या. तू बस तिकडे."

मग उरलेले दिवस तिने काउंटरमागे काढले. मान वर न करता. घर्रर, उजेड, कागद. घर्रर, उजेड, कागद. बाहेर बघायचंच नाही असं ठरवलं होतं. एकदा कागदाचा नवा गठ्ठा काढायला ती मागच्या फळीशी वाकली, तर गठ्ठ्यांच्या आड कान तुटलेला चहाचा कप. कपात माती. मातीत पुनर्नवा.

विजेच्या पेटीखालची!

"काका?"

काकांनी मशीनमध्ये डोकं घातलं. "ती आपोआप आलीये."

"कपात?"

"वारा असतो. बी उडतं."

"कपाला कान नाही, काका, पण मला आहेत. रोज सकाळी मागे पाणी ओतल्याचा आवाज येतो तो हाच ना?"

काका सरळ झाले. नाकाच्या शेंड्यावर काळी शाई. "अगं, सगळ्यांच्या दाराशी काहीतरी आहे," ते हळूच म्हणाले. "माझ्याच दाराशी प्लास्टर. तू रोज पुढून जायचीस, इकडे तिकडे लिहायचीस, आणि आपल्या दुकानापाशी आलीस की खडू खिशात. मला बरं वाटायचं नाही."

खडूबाईने काकांच्या नाकावरची शाई पुसली, म्हणजे अजून पसरवली. आणि तेव्हाच तिला कपातल्या रोपाकडे नीट बघायचं सुचलं. ते सुकलं नव्हतं. मोडक्या देठाशेजारून कोंभ वर आला होता, तांबूस, ओला, नुकता जागा झाल्यासारखा.

ती तशीच धावत सुटली.

विजेच्या पेटीखाली वाकली. काकांनी रोप उपटलं होतं खरं, पण जाड मूळ खाली तुटून राहिलेलं. त्यातूनही चार पानं फुटलेली! मावशींच्या पायरीशी गेली. चिंधीच्या कुंपणात, फटीच्या आत, दातेरी केसाळ पानांची जोडी. दादांच्या पायरीशी गेली. तिथे मान टाकलेली दांडी वाळली होती, पण जमिनीला टेकलेल्या पेरातून पांढरी मुळी आणि वर हिरवा ठिपका. आणि पायाखाली तिचीच अर्धी पुसलेली ओळ: जिथे टेकेल कोपर...

"अगं माझे बाई!" ती स्वतःलाच म्हणाली. "लिहिलंस तू, आणि वाचलं नाहीस?"

गल्लीने सगळी रोपं चोरली होती आणि चोरी इतकी अर्धवट केली होती की प्रत्येकाची दोन दोन झाली होती. काकांच्या मशीनलाही इतक्या चांगल्या प्रती काढता आल्या नसत्या.

बागेच्या बाई आल्या त्या टोपी आणि भिंग घेऊन. खडूबाईने सगळं खरं सांगायचं ठरवलं होतं. "बाई, रोपं जागच्या जागी आहेत, पण... दुसऱ्या जागीही आहेत."

"म्हणजे?"

उत्तर द्यायची पाळी तिच्यावर आलीच नाही. दादा साबण लावलेलं गिऱ्हाईक तसंच सोडून बाहेर आले होते.

"बाई, खरी कंबरमोडी इथे! पान हात लावून बघा, कशी खरखरीत आहे."

"खरखरीत तुमची जीभ आहे," मावशी आल्याच. "बाई, मूळ कुठे आहे ते विचारा त्यांना. मूळ माझ्याकडे! त्यांच्याकडे नुसतं पेर टेकलंय."

"पेरातूनच मुळी फुटते! हरळीचंही तसंच. विचारा खडूबाईला!"

"फूल आलं की मोजू. बाहेरची पाकळी पांढरट, मधलं पिवळं. तुमच्याकडे आलं तर बघा!"

साबण लावलेलं गिऱ्हाईक दारातून ओरडलं, "आणि घोळ बघायची असेल तर आत्ताच बघा, दुपारी मिटते!"

बाई भिंग घेऊन या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होत्या. एवढ्यात काका पुढे आले, दोन्ही हातांत कप धरून, पाहुण्यांना चहा द्यावा तसे.

"ही पुनर्नवा," ते म्हणाले. "पान उलटं करा. खालून पांढुरकं असतं. चोरलेली आहे, पण निगा ठेवलीये."

बाईंनी पान उलटं केलं. पांढुरकंच होतं. मग त्या पायरीवर बसल्या आणि इतक्या हसल्या की टोपी गळून घोळीवर पडली. "बाई, टोपी!" अख्खी गल्ली एका सुरात ओरडली. "घोळ चिरडेल!"

"मी दोघं मागितले होते," बाई डोळे पुसत खडूबाईला म्हणाल्या. "वर्षभर ये तू. आणि पुढच्या गल्लीत गेलीस की एक करायचं. नाव लिहिलं की त्याच दिवशी सांगायचं, रोप हलवायचं नाही."

"सांगितलं तरी हलवतील, बाई."

"मग जरा मुळं ठेवून हलवा म्हणावं."

संध्याकाळी खडूबाई नवा खडू घेऊन घरी आली तर दुकानासमोर टकटक टकटक चाललेलं. काका पायरीवर उकिडवे बसले होते. हातात छिन्नी आणि हातोडी. आरशासारख्या प्लास्टरला मधोमध एक फट पडली होती, वाकडीतिकडी, बोटभर.

"काका, अहो, तुमचं प्लास्टर!"

"बघतेस काय, फुंकर मार. धूळ बसलीये आत." त्यांनी फटीत डोळा घातला. "काय उगवेल गं इथे?"

"काय यायचं ते येईल. वाट बघायची."

"पण नाव तर लिहून ठेव!"

"आल्याशिवाय कसं लिहू?"

काका हिरमुसले. समोरून दादा ओरडले, "मी हरळी देतो, घ्या! बाजूने कमी केलेली!" मावशी म्हणाल्या, "त्यांची नको हो, माझी घ्या!" आणि काका छिन्नी उंचावून गरजले, "खबरदार! या फटीत कुणी काही आणून लावायचं नाही. इथे जे यायचं ते आपल्या पायांनी येईल."

खडूबाईने त्यांच्याशेजारी बैठक मारली, खडू काढला, आणि नावापुरती जागा मोकळी सोडून रिकाम्या फटीला एक छोटासा बाण काढून दिला.