सात फुटांची रेषा

कोपरीच्या मिठागरापाशी नवा बांध घालायचं सरकारनं ठरवलं, आणि धाकूला मोजणीची पट्टी धरायचं काम मिळालं. गावात केवढा मान वाढला त्याचा! साहेब दुर्बिणीतून बघायचे आणि धाकू फुटांचे आकडे रंगवलेली उंच पट्टी जमिनीवर उभी धरायचा. जिथे जिथे जमीन सात फूट उंच, ते सगळे ठिपके जोडून साहेब नकाशावर एक रेषा ओढणार होते. बांध त्या रेषेवरून जाणार. रेषेखालची घरं उठणार.

धाकूचं घर खालीच होतं. हे कळायला त्याला दुर्बीण लागत नव्हती. पण त्याची आई ठमाबाई याच घरात नवरी होऊन आली होती, आणि कुणी घर सोडायचं नाव काढलं की त्या दिवशी ती जेवत नसे. म्हणून आपल्या दाराशी मोजायची पाळी आली तेव्हा धाकूनं गवतात दोन विटा सरकवल्या आणि पट्टी त्यांच्यावर उभी केली. साहेबांनी आकडा टिपला. नकाशावरची रेषा त्याच्या घराला वळसा घालून खाडीच्या बाजूनं गेली आणि घर रेषेच्या वर राहिलं.

साहेबांना तो वळसा खटकला. "अमावस्येला सात फुटांची भरती आहे," ते म्हणाले. "पाणी जिथे थांबेल तीच आपली रेषा. तेव्हा येऊन बघू."

धाकूची पाचावर धारण बसली. चार दिवस त्याला भाकर गोड लागली नाही. आईला सांगावं तर ती रडणार, साहेबांना सांगावं तर नोकरी जाणार. पाणी जरा कमी येऊ दे म्हणून त्यानं देवीला नारळ कबूल केला. खाडी कुणाचं ऐकते?

अमावस्येला भर दुपारी साहेब येऊन उभे राहिले. पाणी अंगणातून सरकत आलं आणि उंबरा ओलांडून आत शिरलं. ठमाबाईला कसलीच शंका नव्हती. लेकाचा साहेब घरी आला म्हणून ती हरखून गेली होती.

"दर उधानाला येतंच, साहेब. चूल तेवढी विटांवर चढवायची, झालं!" तिनं बोट दाखवलं. "याच त्या दोन विटा. मधी धाकूनं कुठं नेलेल्या, मग आनून दिल्या."

साहेब विटांकडे बघत राहिले, मग धाकूकडे. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पट्टी त्याच्या हातात दिली.

"उंबऱ्याशी धर. जमिनीवर."

धाकूनं पट्टी उंबऱ्याशी टेकवली. पट्टी पाण्यात डुलायला लागली, तशी ठमाबाई पुढे झाली आणि लेकाच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "सरळ धर रं. साहेब बघतायत."