दोन्ही कानांत सारखं

आमच्या पहिल्या व्हिडिओ गेममध्ये वाट दिसत नसे, ऐकू येई. मिट्ट काळोखाचं रान, आणि हरवलेली बहीण कुठूनतरी गातेय:

उजव्या हाती पाणी बाई, डाव्या हाती वारा,
मधल्या वाटेवर माझा निजलेला तारा.

गाणं ज्या कानात येईल तिकडे वळायचं. ना बाण, ना नकाशा. आवाजाचं काम माझं, बाकी सगळं दादाचं. एका खोलीत दोन टेबलं.

तो गेम मावशींनी चौदा वेळा संपवला. त्या काही माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत. टेलिफोन ऑपरेटर होत्या. निवृत्त झाल्या आणि मागोमाग डोळे गेले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा डोळसांइतकंच हरवायला मिळालं रे," असा त्यांचा फोन आला, तेव्हापासून त्या मावशी.

दुसऱ्या भागाला आम्ही चाळीस जण होतो. काचेपलीकडे नवखे खेळाडू चाचणीला बसवले. सात मिनिटांत एकेक जण हेडफोन काढून ठेवू लागला.

"वाट कुठंय?"

"एकाच कानात भणभणतंय. डोकं उठलं."

दादा काचेला कपाळ टेकवून उभा होता. "नुसतं जुन्यांचं मन राखून चाळीस घरं चालत नाहीत रे."

"मग बाण दाखव," मी म्हणालो. "आणि ज्यांना नको, त्यांच्यासाठी एक बटण ठेवू. 'जुनी वाट'. दाबलं की बाण गायब."

"म्हणजे दोघंही खूश?"

"दोघंही खूश."

स्वतःच्या हुशारीचं मला केवढं कौतुक! लगेच मावशींना कळवलं, "तुमची वाट ठेवलीय हं."

"ठेवशील नाहीतर काय! कान उपटले असते."

मग डोकेदुखीची तक्रार मिटवायला मी गाणं दोन्ही कानांत सारखं केलं. वाट दाखवायला बाण होताच. त्या दुपारी मला बटणाची आठवणही झाली नाही.

गेम बाहेर पडला त्या सकाळीच मावशींचा फोन आला. भाचीनं त्यांना 'जुनी वाट' लावून दिली होती.

"गातेय छान रे. पण आहे कुठं ती?"

मी हेडफोन चढवून माझ्याकडेही 'जुनी वाट' लावली.

"कुठंही वळले तरी तशीच. जशी काही माझ्या डोक्यात बसून गातेय. आता कानही गेले की काय माझे?"

"कान शाबूत आहेत, मावशी. मी चुकलो."

थड्. गेममधल्या झाडावर त्या आपटल्या. पुन्हा थड्.

"ठेवू नका हं फोन," म्हणत मी दादाकडे धावलो. पडद्यावरची नजर न काढता त्यानं ऐकून घेतलं.

"ते बटण दाबलंय कितीजणांनी? काढूनच टाकू पुढच्या आठवड्यात. तक्रारी तरी थांबतील."

"आणि नवखे?"

"नऊ मिनिटं टिकतायत." तो हसला, पण ते हसू ओठांपर्यंत येताच विझलं.

मी परत येऊन फोन उचलला. माझ्या पडद्यावर बाण लावून तेच रान उघडलं. "मावशी, पहिल्यापासून सुरू करा. मी सांगतो. चार पावलं सरळ. आता डावीकडे. अजून थोडं. हां, थांबा."

त्या थांबल्या. थांबल्या त्या थांबल्याच.

"मावशी, आता उजवीकडे."

"राहू दे रे," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "हात धरून रस्ता ओलांडून देणारे मला रोज भेटतात."

हेडफोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. फोन त्यांनी बंद केला नव्हता. पलीकडून बारीक आवाजात बहीण गात राहिली, उजव्या हाती पाणी बाई, कुठल्याच दिशेनं नाही.