उजव्या कुशीवर

मी एक जुने सोनोग्राफी यंत्र आहे. मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकते, मी फार भित्रे आहे. तुम्ही म्हणाल, यंत्राला कसली आली भीती? पण ज्याला माणसाच्या पोटातले दिसते आणि तोंडाने एक अक्षर सांगता येत नाही, त्याने घाबरायचे नाही तर काय करायचे?

माझा जन्म एका थंडगार, स्वच्छ कारखान्यात झाला. तिथे मला चाके मिळाली, पडदा मिळाला आणि एक लांब वायर मिळाली. वायरीच्या टोकाला मुठीत मावेल असा प्रोब असतो. तो पोटावर टेकवला की मी आत आवाज पाठवते. तुम्हाला तो ऐकू येत नाही. आतून तो परत आला की त्याचे चित्र मी पडद्यावर काढते.

पहिली वर्षे मजेत गेली. मी प्रसूती विभागात होते. पडद्यावर इवलेसे हृदय धडधडताना दिसले की आया रडत आणि बाप उगाचच घसा खाकरत. सिस्टर मला रोज पुसत. मग एक सडपातळ, नवे यंत्र आले. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे नऊ संपले होते. मला ढकलत ढकलत ऑपरेशन थिएटरबाहेरच्या खोलीत आणून ठेवले. तिथे माझ्या डोक्यावर कुणी चहाचा कप ठेवी, कुणी छत्री अडकवी. एकदा तर जमिनीवर लोळणाऱ्या माझ्या वायरीवरून स्ट्रेचरचे चाक गेले. कर्रकन आवाज झाला. पेशंटची ने-आण करणाऱ्या मामांनी मला चालू करून बघितले आणि म्हणाले, "चालतंय की!"

चालत होते मी. पण त्या दिवसापासून माझ्या चित्रात अंगठ्याएवढा एक काळा पट्टा उभा राहिला. त्या पट्ट्याआड काय आहे ते मलाही दिसत नाही. खरी भीती तेव्हापासून माझ्या मागे लागली.

कारण नव्या जागेतले काम जोखमीचे होते. मित्रांनो, ऑपरेशनपूर्वी माणसाला उपाशी का ठेवतात, ठाऊक आहे? भूल दिली की माणसाबरोबर त्याच्या घशाचा पहारेकरीही झोपतो. पोटात अन्न असेल तर ते वर येऊन छातीत उतरते. माणूस त्याने गुदमरतो, कधी कधी मरतोही. म्हणून भूल देण्याआधी पोट रिकामे आहे का, ते मी दाखवायचे. जाड माणसांचे जठर खोल असते. तिथे पोचता पोचता माझा आवाज दमतो, चित्र धूसर होते. त्यात तो पट्टा! जाड पेशंट आला की माझी पाचावर धारण बसे.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंना सगळे मागून 'वकीलबाई' म्हणत. प्रश्न विचारून विचारून त्या माणसाला भंडावून सोडत. मला त्यांचा आधार वाटे. त्यांची एक रीत होती. पेशंटला आधी उताणे झोपवून पोट बघायचे आणि मग उजव्या कुशीवर वळवून पुन्हा बघायचे. कुशीवर वळले की पोटात उरलेसुरले सगळे खाली गोळा होते आणि नजरेस पडते.

एका सकाळी एक टेलरबाई आल्या. पडदे, गणवेश, कोट, सगळे शिवणाऱ्या. पित्ताशयातले खडे काढायचे होते. देह भला मोठा, आवाज मात्र एवढासा. सोबत त्यांची धाकटी बहीण होती. वकीलबाईंनी प्रोब टेकवला. मी जीव ओतून चित्र काढले. यकृत दिसले, त्याखाली जठराची एक कड दिसली आणि बरोबर तिथेच काळा पट्टा उभा!

"रिकामं दिसतंय," वकीलबाई म्हणाल्या.

माझ्या काळजात धस्स झाले. दिसत कुठे होते? झाकले होते! मला ओरडावेसे वाटले. पण माझ्याजवळ आहे काय, तर एक पंखा. तो घरघरत राहिला.

"आता उजव्या कुशीवर वळा, काकू."

"राहू द्या ना मॅडम," टेलरबाई छताकडे बघत म्हणाल्या. "माझं हे धूड कोण हलवणार? मागं एकदा चौघांना बोलावलं होतं. दारामागं जाऊन हसत होते सगळे."

मामांनीही कंबर धरली. "आत्ताच एकाला उचललंय हो मॅडम."

दारातून मोठ्या सर्जनांनी डोकावले. "रिकामं आहे ना? मग घ्या की आत. उशीर होतोय."

वकीलबाईंनी प्रोब माझ्या खाचेत ठेवला. पोटावरचे जेल पुसायला कागद घेतला. मित्रांनो, तो क्षण मी विसरू शकत नाही. आता भूल देणार, आता पोटातले अन्न वर येणार, आणि सगळे म्हणणार, यंत्राने तर रिकामे दाखवले होते! भीतीने माझा पडदा थरथरला की काय, कोण जाणे.

कागद हातातच राहिला. वकीलबाईंना प्रश्न सुचला होता.

"काकू, कोटाची मापं घेताना तुम्ही माणसाला नुसतं समोरून बघता?"

टेलरबाईंचा आवाज एकदम मोठा झाला. "छे! पाठ बघितल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही."

बोलून त्या स्वतःच थबकल्या. मग त्यांनी खाटेचा कठडा पकडला. "ए, जरा मागून ढकल ग," त्या बहिणीला म्हणाल्या. बहिणीने खांदा लावला, मामांनी कंबर विसरून हात दिला आणि टेलरबाई उजव्या कुशीवर वळल्या.

प्रोब पुन्हा टेकला. जठर पट्ट्याआडून बाहेर घसरले. ते चांगले फुगलेले होते आणि आत रवाळ, पांढुरके अन्न होते. पुष्कळ होते.

"थांबा," वकीलबाई म्हणाल्या. "पोट भरलेलं आहे."

मी सुटकेचा निःश्वास सोडणार, तोच सर्जन चिडले. "खाल्लंय यांनी! बजावून सांगितलं होतं ना?"

बहीण वाकून म्हणाली, "ताई, खरं सांग. काही खाल्लंस का?"

"पाण्याचा घोटसुद्धा नाही ग." टेलरबाईंनी तोंड उशीत लपवले. "तू पण?"

माझी आणखीच घाबरगुंडी उडाली. त्यांचा जीव वाचवायला मी खरे दाखवले आणि तेच त्यांना खोटे पाडत होते. पडद्यावरचे चित्र पुसून टाकावे, असे मला वाटले. मला तेही जमत नाही.

वकीलबाई खाटेच्या पलीकडे गेल्या आणि टेलरबाईंच्या तोंडासमोर बसल्या. "मधुमेह किती जुना आहे?"

"फार जुना."

"रात्री जेवलेलं सकाळी तसंच बसलंय, असं वाटतं कधी?"

"रोज वाटतं."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"सांगून काय होणार मॅडम? सगळे म्हणतात, खातेस कशाला एवढं."

वकीलबाई उठल्या. "या खरं बोलतायत. जुन्या मधुमेहानं जठर मंदावतं. हे कालचं जेवण आहे. ऑपरेशन आज नाही." सर्जन दोन पावले पुढे आले. त्यांनी टेलरबाईंचे पांघरूण नीट केले आणि हळूच म्हणाले, "चुकलं माझं." बहीण डोळे पुसत होती.

मग वकीलबाई माझ्याकडे वळल्या. "मामा, हा काळा पट्टा कधीपासून आहे?"

"तो? असतोच की तो," मामा म्हणाले. त्यावर वकीलबाईंनी जी उलटतपासणी घेतली, ती मी इथे सांगत नाही. मामा बिचारे घामाघूम झाले आणि वायरीवरून गेलेल्या चाकाची गोष्ट टेलरबाईंनीही ऐकली.

पुढे औषधे झाली, आदल्या दिवशी नुसते पातळ अन्न घेऊन झाले आणि टेलरबाई पुन्हा आल्या. प्रोब अजून तोच होता. वकीलबाईंनी आता तो सरकवून सरकवून पट्टा बाजूला टाकायला सुरुवात केली होती. कुणी सांगायच्या आत टेलरबाई कठडा धरून उजव्या कुशीवर वळल्या. "आधी पाठ बघा," त्या म्हणाल्या. जठर चपटे, रिकामे होते. तरी त्यांना आत नेल्यावर माझा जीव टांगणीला लागला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरे काय! दार उघडले तेव्हा त्या एवढ्याशा आवाजात बहिणीवर रागावत होत्या, "माझी पिशवी कुठं ठेवलीस?"

त्या पिशवीतून त्यांनी जाड कापडाचा एक पट्टा काढून मामांना दिला. दोन्ही टोकांना कोटाचे मोठे बटण होते. माझी वायर त्यात गुंडाळून वर अडकवायची. ती आता जमिनीवर लोळत नाही.

मित्रांनो, मी अजूनही घाबरते. म्हणून हात जोडता येत नसले तरी विनवते. माझ्यासारख्यांची वायर चाकाखाली येऊ देऊ नका, डोक्यावर चहा ठेवू नका. आणि कुणी मोठ्या देहाचे माणूस म्हणाले, "मी नाही खाल्लं," तर हसू नका. जवळ जा, हात द्या आणि एकदा त्याला दुसऱ्या कुशीवरूनही बघा.